मामाजींचा हात जड नव्हता

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, तिरोड्याच्या बहिणीजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही — देवासमोर मी दुसरंच काहीबाही मागते आणि पटकन उठते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी नाही. गोरेगावच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारी बाई म्हणून कदाचित ऐकलं असेल माझ्याबद्दल. लोक फार कौतुक करतात त्या बाईचं. करू द्या. आधी ऐकून तर घ्या.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. बाजाराच्या ओळीत त्यांचं घड्याळाचं दुकान — एक लाकडी फळी, तिच्यावर गादी, पुढ्यात काचेची पेटी, मागे पडदा. चाळीस वर्षं त्या गादीवर बसलेला माणूस. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे राइस मिलमध्ये मशीनवर, घड्याळात त्यांना काडीचा रस नाही. एक दिवस मी उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होते. एका झटक्यात ओवला. मामाजींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चिमटा दिला.

लोक बोलले. सुनेला दुकानात नेऊन बसवतो म्हणाले. मामाजी भर बाजारात ओरडले, "माह्या घरची पोर शिकून राहिली, तुमच्या पोटात काऊन दुखते?" म्हणजे बघा, माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसाचं वाईट केलं असतं तर मी ते आतापर्यंत चारचौघांत तिखटमीठ लावून सांगितलं असतं. लपवायची काय गरज होती?

त्यांनी मला सगळं दिलं. घड्याळ उघडायचं कसं, चक्रं पेट्रोलमध्ये धुवायची कशी, बालकमानी — केसाएवढी बारीक स्प्रिंग असते ती — फुंकरसुद्धा न लागू देता उचलायची कशी. आणि तेल. तेलावर त्यांचा फार जीव. सुईच्या टोकावर राहील तेवढंच तेल, त्याहून जास्त नाही. "तेलाचा हात हलका पायजे, बाई. जड हातानं नांगर होते, घडी नाही होत." हे मी रोज ऐकलं, सात वर्षं. त्या सात वर्षांत मला मूल नव्हतं. बायका तोंडावर बोलायच्या. मामाजींनी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त बाजारात कोणाचं लहान लेकरू दिसलं की काम सोडून त्याला उचलून घ्यायचे, पेटीवर बसवायचे, कानाला घड्याळ लावायचे.

तर असा माणूस.

मग झालं काय? काही नाही हो. खरंच काही नाही. मी पडद्यामागे बसायची. गिऱ्हाईक बाईच्या हातात घड्याळ द्यायला बिचकतं, म्हणून समोर ते आणि मागे मी. तीन दुपारी मान मोडून मी एक घड्याळ चालवलं होतं, देवरीकडच्या एका माणसाचं. तो घ्यायला आला, कानाला लावलं, वाहवा म्हणाला. मामाजी हसून म्हणाले, "चालीस साल का हाथ है, भाऊ." मी पडद्यामागे पेट्रोलची वाटी घेऊन बसले होते.

एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशासाठी. संध्याकाळी त्यांना तोंडावर म्हटलं असतं ना, की मामाजी, हात तर माझा होता — तर कपाळावर हात मारून घेतला असता त्यांनी. दुसऱ्या दिवशी गावभर सांगत सुटले असते. असाच स्वभाव होता. पण मी म्हटलं नाही. मी ते पोटात ठेवलं आणि रोज थोडं थोडं चघळलं. आणि चघळता चघळता मला ती गादी हवीशी झाली. त्यांच्या शेजारची नाही, तीच.

भाऊलाल गुरुजींचं घड्याळ आलं ते त्याच उन्हाळ्यात. गुरुजी मामाजींचे जुने मित्र, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांचं चावीचं घड्याळ, कित्येक वर्षं पेटीत बंद पडलेलं. आमच्याकडे मांडवात नवरदेवाच्या मनगटावर मुलीचा बाप घड्याळ बांधतो. गुरुजींच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना जावयाच्या हातावर हेच घड्याळ बांधायचं होतं, शोरूममधलं नवं नाही. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोर पाचसहा माणसं. त्यातला एक जण टिंगल करत म्हणाला, "काका, तुमचाच डोरा आता बंद पडून राहिला, हे काय चालवता?" मामाजींच्या डोळ्यांवरून सगळे हसले. मामाजींना राग आला. म्हणाले, "लग्नाच्या आत हे घडी चालवून नाही देल्ली, तं गादीवरून उठीन. अन् पुन्हा भिंग डोर्‍याले लावनार नाही."

बोलून गेले. आणि मामाजी बोललेलं मोडणारे नव्हते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मलाही.

त्यांनी आठ दिवसांत ते घड्याळ चालवलं. ऐका नीट — त्यांनीच चालवलं. सगळं खोललं, धुतलं, तुटलेली कमान बदलली, तेल दिलं. आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेलं घड्याळ तीन दिवस भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं आणि रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर वेळ तपासायची. तीन दिवसांत एका मिनिटाहून जास्त फरक पडला नाही, तरच गिऱ्हाइकाला द्यायचं. गुरुजींचं घड्याळ खिळ्यावर गेलं. मामाजी जेवायला घरी जायचे आणि तासभर पडायचे. दुपारी एक ते तीन दुकानात मी एकटी.

मी ते खाली काढलं. मागचं झाकण सुरीच्या पात्यानं उचललं. खरं सांगते, आधी नुसतं पाहायलाच उघडलं होतं. काम इतकं सुंदर होतं की माझ्या अंगाची आग झाली. चावीच्या घड्याळात आत एक इवलीशी दांडी असते. एका बाजूला सरकवली की घड्याळ पुढे पळतं, दुसऱ्या बाजूला सरकवली की मागे पडतं. केसभर सरकवली तरी दिवसात पाचदहा मिनिटांचा फरक. मी चिमट्यानं ती सरकवली. केसभरच. झाकण लावलं, टांगलं आणि डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी घड्याळ अकरा मिनिटं पुढे. मामाजी खिळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अरे?"

तो 'अरे' मला आवडला. हे सांगायलाच मला इतकी वर्षं लागली — मला तो आवडला. चाळीस वर्षांच्या हाताचा माणूस लहान पोरासारखा भिंतीकडे बघत होता आणि पडद्यामागे मला गुदगुल्या होत होत्या.

घड्याळ पुढे पळतंय म्हणून त्यांनी दांडी थोडी मागे घेतली. दुपारी मी ती उलट्या बाजूला सरकवली. सकाळी घड्याळ नऊ मिनिटं मागे. आता सांगा, एक दिवस पुढे आणि एक दिवस मागे पळणाऱ्या घड्याळात दोष शोधायचा कुठे? कचरा असेल तर ते मागेच पडेल. बालकमानी चिकटली असेल तर पुढेच पळेल. दोन्हीकडे पळणारं घड्याळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सगळं खोललं. पुन्हा धुतलं. गोंदियाहून नवी बालकमानी आणली. एकेक चक्र उन्हात धरून दात मोजले. आणि मी शेजारी बसून वाटी धरायची, म्हणायची, "पुन्हा एकदा पाहा ना, मामाजी." गोड आवाजात. मला गोड बोलता येत नाही असं सगळे म्हणतात. त्या दिवसांत येत होतं.

मग त्यांना दांडीचा संशय आला. माझा नाही — स्वतःचा. विचारलं, "बाई, काल मी दांडी कुठी ठेवली होती?" मी म्हटलं, "डावीकडं होती, मामाजी." ती मधोमध ठेवली होती त्यांनी. मी पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलनं एक गोल आणि एक रेघ काढून ठेवायला लागले, दांडी कुठे ठेवली त्याची खूण. मी काय केलं असेल? कागदाचा तसाच तुकडा घेतला, त्यांचीच पेन्सिल घेतली, दुसरीकडे रेघ काढली आणि त्यांचा तुकडा घरी नेऊन चुलीत टाकला. सकाळी ते तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले. अक्षर नव्हतं ना त्यावर, नुसती रेघ. रेघ कोणाची, हे कसं ओळखणार? सुनेवर संशय घ्यायचा हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. काखेत कळसा म्हणतात तसा त्यांचा दोष त्यांच्या बाजूला बसून वाटी धरत होता.

ते गोंदियाला डोळे दाखवून आले. परत आले ते तोंड पाडून. डॉक्टर म्हणाला होता, थोडासा मोतीबिंदू आहे, कामाला काही अडचण नाही. आपले डोळे चांगले आहेत हे ऐकून दुःखी झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? डोळ्यांचा दोष नाही, म्हणजे मग हाताचाच. संध्याकाळी अंगणात उभे राहून त्यांनी पाण्याचा ग्लास काठोकाठ भरला, हात लांब करून धरला आणि त्या पाण्याकडे टक लावून बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पाणी हललं नाही. एक थेंबही सांडला नाही. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मामाजी, हात तर पक्का आहे तुमचा. मी भाजीला फोडणी दिली.

लग्नाला आठ दिवस उरले. बाजाराचाच दिवस, गुरुजी समोर बसलेले. मामाजींनी डोळ्याचं भिंग काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि फळीवर माझ्या बाजूला ठेवलं. "उठलो," म्हणाले. गुरुजी म्हणाले, अरे, असं काय करतोस, गमतीत बोलला होतास. मामाजी म्हणाले, "गमत नाही. बोल्लो तं बोल्लो. आता हे पोर पाहील." आणि मला सगळ्यांसमोर हात धरून गादीवर बसवलं. पडदा बाजूला सारला. जे मला पाहिजे होतं ते सगळं त्यांनी आपल्या हातानं दिलं. इथेच थांबले असते तर?

मला घड्याळात काहीच करायचं नव्हतं. दांडी मधोमध आणली आणि हात लावणं बंद केलं. तीन दिवस खिळ्यावर राहिलं. अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. गुरुजींना आनंद झाला. बाजारात बोभाटा झाला — म्हाताऱ्याला जमलं नाही ते सुनेनं केलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण सांगत होतं? मामाजीच. प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

मग त्यांनी गुरुजींच्या समोरच विचारलं. अगदी हळू, शिकायला आलेल्यासारखं, "सांग बाई, काय होतं त्या घडीत?"

त्यांना तेवढंच हवं होतं. गादी गेली त्याचं काही नाही, पण दोष कुठे होता ते कळायला हवं होतं. मी काहीही सांगू शकले असते. एखाद्या चक्राचा दात झिजला होता म्हटलं असतं, जुना माल आहे म्हटलं असतं. कोणाचं काय जात होतं? मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "तेल जास्त पडलं होतं, मामाजी. हात जड झाला तुमचा."

ठरवून नाही म्हटलं. पण म्हणताना मला माहीत होतं, कुठे लागणार ते. सात वर्षं त्यांनीच मला शिकवलं होतं ते वाक्य. त्यांनी उजवा हात उलटा केला, सुलटा केला, बघितला. "हो," म्हणाले. "असंल." आणि गुरुजींची माफी मागितली.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. सात-आठ वर्षांनी घरात पाळणा हलला. ज्यांनी बाजारातली परकी लेकरं उचलली, ते आता काय करतील असं सगळ्यांना वाटत होतं. बारशाला बायकांनी बाळ त्यांच्यापुढे धरलं — घ्या ना मामाजी, नात आहे तुमची. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही बाप्पा. माह्या हाताचा भरवसा नाही." लोक हसले, म्हातारा लाजतो म्हणाले. मी बाजेवर पडून होते. मला हसू आलं नाही, पण तोंडही उघडलं नाही.

त्यांनी तिला कधीच उचललं नाही. पाळण्याची दोरी तासन्‌तास ओढत बसायचे, पण पाळण्यात हात घालायचे नाहीत. ती दोन वर्षांची असताना अंगणात पडली, ओठ फुटला, रक्त आलं. मामाजी तिच्यापासून दोन पावलांवर होते. ते जागचे हलले नाहीत. हात तसेच लोंबकळत ठेवून ओरडत राहिले, "बाई, धाव! बाई, धाव वो!" मी विहिरीकडून पळत आले, पोरीला उचललं, आणि वर त्यांनाच म्हटलं, "उचलता नाही आलं तुम्हाला?" म्हटलं हो मी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाठ फिरवली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ऐकली असतील तुम्ही. मी वासे मोजले नाहीत, काढून नेले.

पोर सहा वर्षांची होती तेव्हा ते गेले, माघातल्या थंडीत. शेवटच्या दिवसांत एकदा पुन्हा विचारलं, "बाई, तेलच होतं ना?" तेव्हा तरी सांगायचं होतं. घरात कोणी नव्हतं, ऐकणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "हो, मामाजी. तेलच होतं. झोपा आता."

त्यांचा फोटो मी दुकानात लावला. मोठा, हाराचा. येणारं गिऱ्हाईक फोटोकडे बघून म्हणायचं, गुरू असावा तर असा. मी हात जोडायची.

माझी पोर आता बारावीला आहे. एसटीनं गोंदियाला क्लासला जाते, जीभ माझ्यासारखीच चुरचुरीत. गेल्या वर्षी एकदा जेवताना म्हणाली, "आई, आजोबांनी मला कधी घेतलं नाही ना? मला आठवते. मी हात वर करायची अन् ते मागं सरायचे. मी मुलगी होते म्हणून ना?"

ताटातला भात तसाच राहिला माझा. तुम्ही सांगा, काय म्हणायला हवं होतं? नाही, असं एक तरी अक्षर म्हणता आलं असतं. बाकीचं नंतर बघितलं असतं. पण 'नाही' म्हटलं की ती विचारणार, मग काऊन? तिला मी ओळखते, ती सोडणार नाही. मी म्हटलं, "हो बेटा. जुन्या लोकांले पोरी नाही आवडत."

ज्या माणसानं सुनेला चिमटा दिला, गावाशी भांडला, त्याच्याबद्दल म्हटलं मी हे. तिच्या बापानंही ऐकलं. ते बिचारे ताटावरून उठून हात धुवायला गेले. त्यांना वडिलांचं ते वागणं कधीच कळलं नव्हतं. आता त्यांनाही कारण मिळालं.

पोरीनं कॉलेजच्या कार्यक्रमात त्याच्यावर भाषण केलं. माझ्या आजोबांनी मला कधी शिवलं नाही — अशी सुरुवात. छान बोलली. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. बायका डोळे पुसत होत्या. तिसऱ्या रांगेत भाऊलाल गुरुजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते, आता फार थकलेत, नातवानं आणलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मित्राचं असं ऐकून त्यांना काय वाटलं असेल? मी नजर काढून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी जाताना ती दुकानात शिरली. म्हणाली, आई, ज्या माणसाला मी नको होते त्याला रोज उदबत्ती लावतेस, मला नाही पटत. काढू का हा फोटो? मी म्हटलं, काढ. फोटो उंचावर होता, तिचा हात पुरेना. मागचं स्टूल मी आणून दिलं. त्याचा एक पाय लंगडा आहे. ते हलू नये म्हणून मी खालून दोन्ही हातांनी धरून ठेवलं, ती फोटो काढून खाली उतरेपर्यंत.